घटस्फोट झाला, पण माझं सोनं अजून सासूबाईंच्या लॉकरमध्ये

ताई,

माझं वय 34. लग्न डिसेंबर 2017 मध्ये मिरजेत झालं, संसार पुण्यात झाला. दहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मूलबाळ नाही. पोटगी मी मागितली नाही, मला नोकरी आहे. मागितलं ते फक्त माझं सामान. कन्सेंट टर्म्सना, म्हणजे न्यायालयात दिलेल्या संमतीच्या अटींना, वस्तूंची यादी जोडली होती: मंगळसूत्र, मोहनमाळ, चार बांगड्या, दोन पाटल्या असं मिळून सव्वाचौदा तोळे सोनं, चांदीचं ताट, वाट्या आणि समई, माझ्या साड्या, शिलाई मशीन. हे सगळं 60 दिवसांत परत करायचं, असं त्यात लिहिलं आहे आणि खाली नवऱ्याची सही आहे.

आल्या त्या साड्यांच्या दोन बॅगा आणि मशीन, तेही टेम्पोतून. सोनं आणि चांदी आली नाही. आधी म्हणाले, लॉकर आईच्या नावावर आहे, ती गावाला गेली आहे. आता म्हणतात, ते सोनं 2021 मध्ये फ्लॅटच्या वेळी मोडलं, तुलाही ते माहीत होतं. मला असं काहीही माहीत नव्हतं.

आजीची ठुशी तर यादीतच नाही. वडिलांनी सराफाच्या पावत्या समोर ठेवून यादी केली आणि ठुशीची पावती कुठून असणार? शिवाय टर्म्सच्या शेवटच्या कलमात ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाही’ असं आहे. माझी पदवीची मूळ प्रमाणपत्रंही तिकडेच राहिली.

वडील म्हणतात, मी पोलिसांत तक्रार करतो, जावयाला दिवाळसणाला दिलेली अंगठीसुद्धा परत घेतो. भाऊ म्हणतो, चार मित्र घेऊन पुण्याला जातो. आई म्हणते, सोन्यापायी जीव जाळू नकोस, सुटलीस हे काय कमी आहे? मी काय करू? मागत राहू की सोडून देऊ?

एक वाचक, मिरज

*

प्रिय मैत्रिणी,

माग. आणि आता फोनवर नको, कागदावर माग.

तुझ्या पत्रात एक शब्द मला खटकला: ‘मागत राहू का’. दहा महिने तू विनवण्या करतेयस आणि ते कारणं सांगतायत, त्यामुळे तुझ्याही मनात ही उधारी मागितल्यासारखी गोष्ट झाली आहे. तसं नाही. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर बाईला माहेरून, सासरहून, मैत्रिणींकडून जे मिळतं ते तिचं स्त्रीधन. त्यावर नवऱ्याची निम्मी मालकीसुद्धा नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्वच्छ सांगितलं: स्त्रीधन नवऱ्याच्या किंवा सासूच्या ताब्यात असलं तरी ते तिथे विश्वासाने ठेवलेलं असतं, आणि मागितल्यावर परत दिलं नाही तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणजे तू त्यांच्याकडे काही मागत नाहीयेस, ठेवायला दिलेलं परत नेतेयस. हे आधी स्वतःला पटू दे, कारण पुढचे सहा महिने याच ताकदीवर काढायचे आहेत.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघू. बहुतेक बायकांकडे जे नसतं ते तुझ्याकडे आहे: सही केलेली यादी. माझ्याकडे येणाऱ्या दहा पत्रांतल्या आठांमध्ये ‘त्या वेळी कुठे लिहून ठेवलं, ताई’ हेच वाक्य असतं. तुझी यादी वजनासकट आहे आणि न्यायालयासमोर गेलेली आहे. या यादीमुळे तुझा प्रश्न ‘हे सोनं माझंच होतं हे सिद्ध कसं करू’ असा राहिलेला नाही. तो ‘न्यायालयाचा आदेश पाळला गेला नाही’ असा झाला आहे, आणि तो कितीतरी सोपा आहे.

म्हणून पहिलं काम. कौटुंबिक न्यायालयात नकलेचा अर्ज दे आणि हुकूमनाम्याची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची, त्याला जोडलेल्या कन्सेंट टर्म्सची आणि यादीची सर्टिफाइड कॉपी काढ. घरातली झेरॉक्स चालणार नाही. कॉपी हातात आली की दोन गोष्टी शांतपणे वाच. ‘या अटी हुकूमनाम्याचा भाग आहेत’ असं कुठे म्हटलं आहे का? आणि त्यांनी न्यायालयाला तशी हमी लिहून दिली आहे का? पहिलं वाक्य असेल तर त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करता येतो. त्याला 12 वर्षांची मुदत असते, तेव्हा उशीर झाला म्हणून घाबरू नकोस. दुसरं वाक्य असेल, म्हणजे न्यायालयाला हमी देऊन ती मोडली असेल, तर अवमानाचा अर्जही होऊ शकतो. मात्र त्याची मुदत एकच वर्ष आहे. तुझ्या 60 दिवसांची मुदत संपून आठ महिने झाले. म्हणजे हा रस्ता तुझ्यासाठी जेमतेम चार महिने उघडा आहे. पुढच्याच आठवड्यात वकिलाला भेट, असं मी एवढ्यासाठी म्हणतेय.

दरखास्तीत नेमकं काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. न्यायालय समोरच्याला नोटीस काढतं. ठरावीक जंगम वस्तू परत करण्याचा आदेश असेल आणि ती वस्तू सापडत असेल, तर बेलिफमार्फत, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्यामार्फत, ती जप्त करून तुला देता येते. दिली जात नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते, मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्याचीही तरतूद आहे. जप्तीला तीन महिने होऊनही वस्तू आली नाही, तर ती मालमत्ता विकून तुला भरपाई देता येते. यादीत किंमत लिहिलेली नसेल तरी न्यायालय योग्य वाटेल ती भरपाई ठरवू शकतं. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या असाव्यात: वस्तू आहे तशी द्या, नसेल तर तेवढ्या वजनाच्या सोन्याची आजच्या भावाने किंमत द्या. 2017 च्या पावतीवरची रक्कम घेऊन गप्प बसू नकोस. तेव्हाचा तोळ्याचा भाव आणि आजचा भाव यांत किती अंतर पडलंय ते मिरजेतल्या कुठल्याही सराफाकडे बघ.

आणि आता त्यांचं ते ‘2021 मध्ये मोडलं’. हे वाचून मी थांबले आणि तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 2021 मध्ये सोनं मोडलं असेल, तर दहा महिन्यांपूर्वी न्यायाधीशांसमोर ‘हे सव्वाचौदा तोळे 60 दिवसांत परत देतो’ अशी सही त्यांनी कशी केली? नसलेल्या वस्तू परत करण्याचं कुणी लिहून देतं का? एकतर तेव्हा खोटं बोलले किंवा आता बोलतायत, दोन्ही तुझ्याच बाजूचं आहे. हा मुद्दा दरखास्तीत पहिल्या परिच्छेदात येऊ दे. ते जे फोनवर बोलले ते व्हॉट्सअपवरही कुठे लिहिलं असेल, तर ते मेसेज पुसू नकोस, फोन बदलू नकोस. स्क्रीनशॉट काढ, पण मूळ संभाषण तसंच राहू दे, कारण असा पुरावा दाखल करताना त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. ‘लॉकर आईच्या नावावर आहे’ हा मेसेज सापडला तर तो सोन्याहून मोलाचा समज.

समजा, खरंच मोडलं असेल. तरी काय? अडचणीच्या वेळी नवऱ्याने बायकोचं स्त्रीधन वापरलं, तर ते किंवा त्याची किंमत परत करण्याची त्याची जबाबदारी राहते, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितलं आहे. एप्रिल 2024 मधला माया गोपीनाथन यांचा निकाल वकिलांना आवर्जून दाखव. केरळमधलं 2003 चं लग्न. माहेरहून 89 पवन सोनं मिळालं होतं. एक पवन आठ ग्रॅमचं, म्हणजे सातशे ग्रॅमच्या वर. लग्नाच्या पहिल्या रात्रीच नवऱ्याने ते काढून घेतलं आणि ‘सुरक्षित राहावं’ म्हणून आपल्या आईकडे दिलं. पुढे ते त्यांच्या देण्यांमध्ये गेलं. कौटुंबिक न्यायालयाने 2011 मध्ये बाईच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने अखेर तिला 25 लाख रुपये द्यायला लावले. त्या निकालातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. एक म्हणजे स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नसते. आणि दुसरी, नव्या नवरीने दागिने सासूच्या हाती दिले तेव्हा पावती का घेतली नाही, असं तिला विचारण्यात अर्थ नाही, कारण घरात असे व्यवहार विश्वासावरच चालतात. ‘तुलाही माहीत होतं’ या एका वाक्याने ही जबाबदारी फिटत नाही.

लॉकर सासूबाईंच्या नावावर आहे आणि हुकूमनाम्यात त्या पक्षकार नाहीत. त्यामुळे बेलिफ थेट त्यांचा लॉकर उघडेल, अशी अपेक्षा धरू नकोस. पण त्याने तुझं अडत नाही. परत देण्याचं ज्यांनी लिहून दिलं ते बांधलेले आहेत. आईकडून आणायचं की बाजारातून, तो त्यांचा प्रश्न. त्यांचा फ्लॅट, बँक खातं, पगाराचा कायद्याने ठरलेला हिस्सा या सगळ्यापर्यंत जप्ती पोहोचू शकते. मला आलेल्या अनुभवावरून सांगते: कंपनीच्या पगार विभागात न्यायालयाचं पत्र जाणार हे कळलं की गावाला गेलेल्या आया बऱ्याचदा लवकर परततात.

दरखास्त दाखल करण्याआधी एक नोटीस मात्र जाऊ दे. वकिलामार्फत, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअपवर. नोटिशीत राग नको, इतिहास नको, सासूबाईंच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको. हुकूमनाम्याची तारीख, यादीतली वस्तू, वजन, आली की नाही, एवढंच. आलेल्या साड्या आणि मशीनही लिही, ‘मिळालं’ म्हणून. जे मिळालं ते प्रामाणिकपणे मान्य करणाऱ्या माणसाचं उरलेलं म्हणणं न्यायालय जास्त गांभीर्याने ऐकतं. पंधरा दिवसांची मुदत दे आणि ती संपली की थांबू नकोस.

आता ठुशी.

हा तुझ्या प्रकरणातला कच्चा दुवा आहे. तुला खोटा दिलासा देण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं. यादीत नसलेली वस्तू दरखास्तीत मागता येत नाही. दरखास्त हुकूमनाम्याच्या बाहेर जात नाही. वेगळा दावा करायचा तर कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार आहे. घटस्फोटानंतरही पूर्वीच्या नवरा-बायकोमधला मालमत्तेचा वाद तिथे चालतो. पण ‘यापुढे कसलाही हक्क सांगणार नाही’ हे कलम समोरचे वकील पहिल्याच दिवशी पुढे करतील. त्या कलमाची नेमकी शब्दरचना काय आहे, त्यात स्त्रीधनाचा उल्लेख आहे की फक्त पोटगीचा, ‘यादीतल्या वस्तू मिळाल्यावर’ असा शब्द आधी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. ते वाचल्याशिवाय ‘दावा कर’ किंवा ‘करू नकोस’ असं कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. वकिलांना तेवढा एकच प्रश्न लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे.

दरम्यान पुरावा मात्र आजच गोळा कर. पावती नाही म्हणजे पुरावा नाही, असं नसतं. तू पत्राच्या सोबत लग्नातला जो फोटो पाठवलास त्यात ठुशी गळ्यालगत स्पष्ट दिसते, आणि तिचा गोंडा नवा कोरा लाल आहे. लग्नाआधी आईने तो पटवेकऱ्याकडून बदलून घेतला, असं तू मागे लिहिलं आहेस. तो पटवेकरी अजून मिरजेत असेल तर त्याला भेट. हळदीचे, सीमांतपूजनाचे, पहिल्या मंगळागौरीचे फोटो काढ आणि फोटोग्राफरकडे मूळ फाइल असतील तर त्या मिळव, कारण मूळ फाइलमध्ये तारीख असते. आजीच्या गळ्यात तीच ठुशी असलेला जुना फोटो घरात असेलच. मामा-मावशींनी ती ओळखणं हीसुद्धा साक्ष आहे. कुठला मणी चेपलेला होता, किती पदरी होती, मागची कडी कशी होती, जे आठवतं ते आत्ता लिहून ठेव आणि खाली तारीख घाल.

आणि कायद्याच्या बाहेरचा एक मार्ग आहे, तो मला ठुशीपुरता जास्त भरवशाचा वाटतो. ठुशीसाठी वेगळं पत्र लिही. स्वतःच्या अक्षरात, त्यांना, नोटिशीपासून अलग. त्यात आजीचं नाव लिही, ठुशी तिच्याकडून आईकडे आणि आईकडून तुझ्याकडे कशी आली ते चार ओळींत लिही, आणि फोटो जोड. हिशेब मांडू नकोस. ज्या घरात सव्वाचौदा तोळ्यांवरून भांडण चालू असतं, त्या घरातही कुणाच्या तरी आजीची वस्तू कपाटात ठेवणं एखाद्याला जड जातं. तुमच्या दोघांच्या ओळखीचं, त्यांच्या बाजूचं एखादं मोठं माणूस असेल, चुलत सासरे, त्यांची मोठी बहीण, तर त्यांच्या हाती हे पत्र जाऊ दे. न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांनाही, दरखास्त सुरू असताना, हा विषय तडजोडीत घ्यायला सांगता येतो. सोन्याच्या वजनात एखादा तोळा मागेपुढे करून ठुशी आज मिळत असेल, तर मी ती घेईन. तुला काय वाटतं ते तू ठरव. हा हिशेब दुसऱ्या कुणी करण्यासारखा नाही.

वडिलांना हे पत्र वाचायला दे, म्हणजे मला जे म्हणायचंय ते थेट पोहोचेल. काका, तुमचा संताप मला समजतो. पै पै जोडून केलेलं सोनं आहे. पण तक्रार तुम्ही करू नका. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं, तेलंगणातलं. मुलीचा अमेरिकेत घटस्फोट झाला होता, मालमत्तेची वाटणी झाली होती, आणि नंतर काही वर्षांनी वडिलांनी तिचं स्त्रीधन परत मागत गुन्हा नोंदवला. न्यायालयाने तो रद्द केला. स्त्रीधनाची मालकी फक्त तिची आहे, ती हयात आहे, सक्षम आहे, तिने तुम्हाला अधिकार दिलेला नाही, मग तुम्ही कसं मागता, असं न्यायालयाने म्हटलं. मुलीच्या नावाने आणि मुलीच्या सहीने चाललेलं काम तुमच्या तक्रारीने बिघडेल. आणि ती अंगठी सोडून द्या. दिवाळसणाला हौसेने जावयाच्या बोटात घातली, ती त्यांची झाली. दडपण आणून मागून घेतली असती तर ती हुंड्यात मोडली असती आणि मग गोष्ट वेगळी होती, पण मुलीच्या पत्रात तसं काही नाही. यादीतल्या सोन्यासोबत अंगठी मागितली की समोरच्याला ‘यांना सगळंच हवंय’ म्हणायला जागा मिळते. ती देऊ नका.

भावाला सांग, चार मित्र पुण्याला जाणार नाहीत. ज्या घरात तू आता राहत नाहीस त्या घरात न विचारता शिरलं, कपाट उघडलं, एखादी वस्तू उचलली, अगदी तुझीच उचलली, तरी पोलिस ठाण्यात उभं राहायची वेळ तुझ्या भावावर येईल. आठ महिने ज्यांनी आदेश मोडला ते तक्रारदार होतील. इतका फायदा आपण त्यांना करून द्यायचा नाही. त्याला खरंच काही करायचं असेल तर नकलेच्या अर्जासाठी आणि तारखांना तुझ्यासोबत येऊ दे. मिरजेहून पुण्याला एकटीने खेटे घालणं दमवणारं असतं आणि तारीख पडली की निम्मा दिवस बाकावर जातो. फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप घे, सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते. उगाच फेरी होत नाही.

वकिलाच्या फीचं तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नोकरी करणाऱ्या बायकांना हे माहीतच नसतं. 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. आधीचे वकील चांगले असतील तर त्यांच्याकडेच जा, पण यादीत ठुशी कशी राहिली म्हणून त्यांच्यावर रुसून दुसरीकडे जायचं असेल तर हा पर्याय आहे.

पोलिस तक्रारीबद्दल माझं मत. स्त्रीधन परत न करणं हा विश्वासाने ठेवलेल्या मालमत्तेचा अपहार ठरू शकतो आणि तशी तक्रार तू, फक्त तू, करू शकतेस, सासूबाईंचं नाव घालूनही. पण संमतीच्या घटस्फोटानंतर पोलिस ठाण्यात गेलीस की बहुतेक ठिकाणी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून पोलिसांच्याच महिला कक्षाकडे किंवा भरोसा सेलकडे पाठवतात, तिथे दोन-तीन बैठका होतात. त्या बैठकांतून कधी कधी वस्तू मिळतातही. तरीही तुझ्या हातात हुकूमनामा असताना मी दरखास्त आधी ठेवेन. आणि निव्वळ दबाव आणायला म्हणून छळाची कलमं जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला नकार दे. झालं नसेल ते लिहायचं नाही. तुझं खरं एवढं पक्कं आहे की त्याला दुसऱ्या कशाच्या आधाराची गरज नाही.

प्रमाणपत्रांसाठी भांडू नकोस. नोटिशीत एक ओळ असू दे, पण त्याच दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज कर. थोडं शुल्क, एखादं प्रतिज्ञापत्र, काही आठवड्यांची वाट. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली एक गोष्ट तरी कमी होईल.

आईबद्दल. ‘सुटलीस हे काय कमी आहे’ असं ती म्हणते ते तुझ्या काळजीने म्हणते, मला त्यात दुसरं काही दिसत नाही. तिने तुझी संसारातली वर्षं डोळ्यांनी पाहिली आहेत. पण सुटका झाली म्हणून स्वतःचं सोडून यायचं, ही किंमत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच मोजली आहे, आणि ती मोजायला दरवेळी मायेनेच सांगितलं गेलं आहे. तुला उद्या खरंच कंटाळा आला, तारखा नकोशा झाल्या आणि तू स्वतः सोडून द्यायचं ठरवलंस, तर त्यात कमीपणा नाही. फक्त तो निर्णय थकून किंवा कुणाच्या भीतीने घेऊ नकोस. पहिल्या दरखास्तीच्या तारखेनंतर घे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात, कारण यादीशिवाय वेगळ्या झालेल्यांची पत्रं माझ्यापाशी पडून आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि ते विकू नये, गहाण ठेवू नये असाही. स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालू राहणारा अपराध आहे, असं 2015 च्या कृष्णा भट्टाचारजी निकालात आहे. घटस्फोट झाला म्हणून आधीच्या वागणुकीबद्दलचा हा मार्ग आपोआप बंद होत नाही. मुस्लिम भगिनींना 1986 च्या कायद्यात लग्नाच्या वेळी, आधी आणि नंतर मिळालेल्या वस्तू परत मागण्याचा स्वतंत्र हक्क आहे. पलंग, फ्रिज, दोघांना मिळून आलेला आहेर या सामाईक वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या 27 व्या कलमाखाली घटस्फोटाच्या दाव्यातच आदेश मागता येतो, म्हणून दावा चालू असतानाच मागा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर आज बँकेला लेखी कळवा आणि तो कधी कधी उघडला गेला याची नोंद मागा. 2021 च्या मध्यानंतर घेतलेल्या हॉलमार्कच्या बहुतेक दागिन्यांवर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो उतरवून ठेवा. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, तेव्हा ‘बघू पुढच्या वर्षी’ करू नका.

आणि मैत्रिणी, वस्तू परत द्यायला ते तयार झाले, तर त्या दिवसाबद्दल. देवाणघेवाण घरात नको, हॉटेलात तर नकोच. न्यायालयात, समुपदेशकांसमोर किंवा दोन्ही वकिलांच्या समोर होऊ दे. सोबत ओळखीचा सराफ ने, नाहीतर तिथून सरळ सराफाकडे जायचं असं आधी लिहून ठरव. प्रत्येक दागिना काट्यावर ठेव, कस तपासून घे. बांगड्यांचं वजन बरोबर आणि सोनं वेगळं, असंही घडलेलं मी पाहिलं आहे. पावती लिहिताना ‘सर्व वस्तू मिळाल्या’ हे वाक्य कुणी पुढे केलं तर सही करू नकोस. जे त्या दिवशी हातात आलं ते एकेक, वजनासह लिही, खाली ‘यादीतील पुढील वस्तू अद्याप मिळालेल्या नाहीत’ असं म्हणून उरलेली नावं लिही, आणि मग तारीख, वेळ आणि तुझी सही.

तुझी,
ताई